टेबलावरील खेळांच्या मिनिएचर रंगवणे: सातारा-सांगली भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, वाई, कराड, सांगली, मिरज, विटा या भागांतून मिनिएचर रंगवण्याविषयी जे प्रश्न सतत येतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न अगदी नवख्यांचे आहेत. पुढचे प्रश्न हात थोडा बसल्यावर पडणारे आहेत. एका उत्तरातील माहिती दुसऱ्यात पुन्हा दिलेली नाही, तेथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सर्व उत्तरांमागची भूमिका एकच आहे: पैसे चांगला ब्रश आणि योग्य प्रायमर (रंगाला पकड देणारा पहिला थर) यांवर खर्च करावेत, आणि बाकीचे बहुतेक साहित्य आपल्या गावच्या बाजारपेठेतून घ्यावे.

१. मिनिएचर म्हणजे नेमके काय आणि त्या कोणत्या खेळांत वापरतात?

टेबलावर नकाशा किंवा छोटा भूप्रदेश मांडून जे खेळ खेळले जातात, त्यांत सैनिक, घोडेस्वार, जादूगार, राक्षस यांच्या जागी ज्या छोट्या मूर्ती ठेवतात त्यांना मिनिएचर म्हणतात. १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि १९८७ साली ब्रिटनमध्ये निघालेला ‘वॉरहॅमर ४०,०००’ ही त्यांतली सर्वांत परिचित नावे आहेत. याशिवाय ऐतिहासिक लढाया मांडणारे अनेक खेळ आहेत. बहुतेक मूर्ती २८ ते ३२ मिलिमीटरच्या असतात, आणि हे माप सामान्यतः पायापासून डोळ्यांपर्यंत धरतात. १/७२ प्रमाणातील सैनिक याहून लहान, सुमारे अडीच सेंटिमीटरचे असतात; ते एका खोक्यात बरेच येतात आणि स्वस्त पडतात. खेळ न खेळता केवळ रंगवण्यासाठी मूर्ती घेणारेही पुष्कळ आहेत.

२. मला चित्रकला अजिबात येत नाही. तरी जमेल का?

जमेल. आकार शिल्पकाराने आधीच घडवलेला असतो, त्यामुळे तुम्हाला रेखाटन करायचे नसते. उंचवटा कोठे आहे आणि खोलगट भाग कोठे आहे एवढे ओळखून रंग योग्य जागी नेऊन ठेवायचा असतो. हात थरथरतो ही तक्रार जवळजवळ सर्वांचीच असते आणि तिचे कारण बहुधा बैठकीत असते. दोन्ही कोपर टेबलावर टेकवावेत, दोन्ही मनगटे एकमेकांना लावावीत आणि ब्रश हलवण्याऐवजी दुसऱ्या हातातील मूर्ती फिरवावी.

३. सुरुवातीला काय काय घ्यावे, आणि ते साताऱ्यात किंवा सांगलीत मिळेल का?

मूर्ती, मिनिएचरसाठीचे खास रंग आणि खास प्रायमर हे बहुधा ऑनलाइन मागवावे लागते. उरलेले सर्व स्टेशनरी, हार्डवेअर आणि भांड्यांच्या दुकानांतून मिळते. साताऱ्याच्या मोती चौकाच्या बाजूला किंवा सांगलीच्या हरभट रोड, मारुती रोड परिसरात एक चक्कर मारली, की दोन ब्रश, अ‍ॅक्रिलिक रंगांच्या बाटल्या, फेविक्विक, फेव्हिकॉल, बारीक पॉलिश पेपर, कटर, स्पंज आणि बटर पेपर एवढे साहित्य एका पिशवीत घरी येते.

रंग सहाच घ्यावेत: काळा, पांढरा, लाल, पिवळा, निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी. त्यांत एक चंदेरी आणि एक तपकिरी वॉश (खाचांत उतरून सावली देणारा पातळ रंग, प्रश्न १४) मिळवला, तर पहिल्या अनेक मूर्ती होतात. पन्नास बाटल्यांचा संच घेऊन बसणाऱ्याला रंग मिसळण्याची सवय लागत नाही, आणि या छंदात ती सवयच सर्वांत उपयोगी आहे.

मूर्ती हातात धरून रंगवू नये. बोटांचे तेल लागते आणि ताजा रंग घासला जातो. औषधाच्या रिकाम्या बाटलीवर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने मूर्ती बसवावी आणि बाटली धरावी. प्रकाशासाठी पांढऱ्या उजेडाचा एलईडी टेबललॅम्प पुरेसा असतो. शक्य असल्यास दोन्ही बाजूंनी एकेक ठेवावा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही.

४. फेविक्रिल किंवा कॅमलिनचे अ‍ॅक्रिलिक रंग चालतात, की परदेशी रंगच हवेत?

शिकण्यासाठी चालतात, आणि मोठ्या पृष्ठभागांसाठी नंतरही चालतात. फरक रंगद्रव्याच्या बारीकपणात आणि प्रमाणात आहे. सिटाडेल, वालेहो, आर्मी पेंटर यांसारख्या मिनिएचरच्या रंगांत रंगद्रव्य अतिशय बारीक दळलेले आणि भरपूर असते, त्यामुळे पातळ केल्यावरही ते पृष्ठभाग झाकतात आणि वाळल्यावर मॅट, म्हणजे बिनचमकीचे, दिसतात. हस्तकलेच्या बाटलीतील रंग घट्ट असतो, त्याला दोनऐवजी तीन-चार थर द्यावे लागतात आणि काही छटा वाळल्यावर चमकतात. पिवळा, पांढरा आणि लाल या झाकायला अवघड छटांत हा फरक सर्वांत जास्त जाणवतो, म्हणून प्रथम एवढे तीनच रंग मिनिएचरचे घ्यावेत असा माझा आग्रह आहे. काळा आणि तपकिरी स्थानिक असले तरी काही बिघडत नाही.

पोस्टर कलर मात्र वापरू नयेत, कारण वाळल्यावरही पाणी लागताच ते विरघळतात. घराच्या दाराला देण्याचा ऑइल पेंट इतका जाड बसतो की चेहऱ्यावरचे नाक-डोळे बुजून जातात.

५. ब्रश किती नंबरचा घ्यावा? सर्वांत बारीकच हवा ना?

नाही. अतिबारीक ब्रशच्या केसांत रंग मावत नाही, तो मूर्तीपर्यंत पोहोचेपर्यंत टोकावर वाळतो. १ किंवा २ नंबरचा गोल ब्रश, ज्याचे टोक नीट जुळते, तो डोळ्यांसाठीही पुरतो. दुकानातच ब्रश पाण्यात बुडवून झटकून पाहावा. केस एका टोकाला आले तरच घ्यावा, दोन फाटे पडले तर परत ठेवावा. सिंथेटिक केसांचे टोक काही काळाने आकड्यासारखे वळते. कोलिन्स्की सेबलचा, म्हणजे प्राण्याच्या नैसर्गिक केसांचा, ब्रश महाग असतो, पण निगा राखल्यास दीर्घकाळ टिकतो.

निगा म्हणजे तीन गोष्टी. केस जेथे धातूच्या नळीत शिरतात तेथपर्यंत रंग चढू देऊ नये, ब्रश पाण्याच्या भांड्यात उभा ठेवू नये, आणि काम संपल्यावर साबणाच्या वडीवर फिरवून, धुऊन, बोटांनी टोक जुळवून आडवा वाळवावा. चंदेरी-सोनेरी रंगांसाठी, ड्रायब्रशसाठी (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर घासण्याची पद्धत, प्रश्न २०) आणि रंग मिसळण्यासाठी जुना ब्रश वेगळा ठेवावा.

६. मूर्ती कशाची बनली आहे हे कसे ओळखावे, आणि ती कशाने चिकटवावी?

सुटे भाग प्लास्टिकच्या चौकटीवर आले असतील, तर ते बहुधा पॉलिस्टायरीन असते. त्याला प्लास्टिक सिमेंट लावावे. हे सिमेंट दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवून एकजीव करते, म्हणून तो जोड सर्वांत पक्का. रेझिन (साच्यात ओतल्यावर कडक होणारी कृत्रिम राळ) ठिसूळ असते आणि घासल्यावर त्याची पांढरी पूड पडते. धातू वजनाने लगेच कळतो. वाकवल्यावर लवचीक वाटणारी मूर्ती बहुधा पीव्हीसीची असते. या तिन्हींवर प्लास्टिक सिमेंट काम करत नाही, तेथे फेविक्विक लागते. फेविक्विकचा थेंब टूथपिकच्या टोकावर घेऊन लावावा. जास्त झाले तर जोड मंदावतो आणि कडेला पांढरी बुरशीसारखी झाक येते. धातूचा जड हात किंवा पंख निसटत असेल, तर दोन्ही भागांत बारीक छिद्र पाडून तारेचा तुकडा बसवावा. उरलेल्या फटी एम-सीलने भरता येतात, मात्र ते घट्ट होण्यापूर्वी ओल्या बोटाने सपाट करावे.

७. रंगवण्याआधी मूर्ती धुणे खरेच आवश्यक आहे का?

रेझिन आणि धातूच्या बाबतीत होय. साच्यातून मूर्ती सहज सुटावी म्हणून काही वेळा तेलकट पदार्थ वापरतात. तो उरला तर रंग सोलून निघतो. कोमट पाणी, भांडी घासण्याचा द्रव साबण आणि जुना टूथब्रश एवढे पुरे. चौकटीवरच्या प्लास्टिकला बहुधा गरज पडत नाही.

याहून महत्त्वाचे काम म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तेथे उठलेली बारीक रेघ काढणे. उघड्या प्लास्टिकवर ती दिसत नाही, पण वॉश दिल्यावर गालावरून किंवा ढालीवरून सरळ काळी रेषा उमटते. कटरच्या पात्याची मागची, बोथट कड त्या रेघेवरून खरवडत न्यावी.

८. प्रायमर टाळला तर काय होते?

अ‍ॅक्रिलिक रंग गुळगुळीत प्लास्टिकवर किंवा धातूवर धरत नाही. तो थेंबांत गोळा होतो आणि वाळल्यावर नखाने निघतो. प्रायमर पकड देतो. त्याचा रंगही परिणाम करतो: काळ्यावर रंग गडद दिसतात आणि राहून गेलेली जागा सावलीत खपते, पांढऱ्यावर लाल-पिवळा तजेलदार दिसतो, राखाडी मधला मार्ग आहे आणि नवख्यांसाठी तोच बरा.

स्प्रेचा डबा दोन मिनिटे हलवावा, मूर्तीपासून वीस ते तीस सेंटिमीटर दूर धरावा, फवारा मूर्तीच्या अलीकडे सुरू करून पलीकडे थांबवावा आणि हलके थर द्यावेत. एकाच थरात सर्व झाकण्याचा प्रयत्न केला की बारकावे बुजतात. हे काम गच्चीवर किंवा अंगणात, नाकातोंडावर योग्य मास्क लावूनच करावे.

९. आमच्याकडे पावसाळ्यात स्प्रे मारला की मूर्तीवर पांढरी भुकटी येते. काय करावे?

पाटण, जावळी, महाबळेश्वर किंवा शिराळा भागातून हा प्रश्न जूनपासून सुरू होतो. हवेतील ओलाव्यामुळे फवाऱ्यातील थर वाळताना धुरकट होतो. त्या महिन्यांत स्प्रेचा हट्ट सोडावा आणि ब्रशने लावायचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर वापरावा; तो पातळ दोन थरांत देऊन एक रात्र वाळू द्यावा. कला साहित्याच्या दुकानातील गेसो (कॅनव्हासवर रंगाआधी देण्याचा पांढरा लेप) थोडे पाणी घालून वापरला तरी काम भागते, आणि वाळताना तो आक्रसत असल्याने बारकावे बऱ्यापैकी टिकतात.

जत, आटपाडी, माण या कोरड्या तालुक्यांत अडचण उलटी आहे. एप्रिल-मेच्या भर दुपारी फवाऱ्याचे कण हवेतच वाळतात आणि मूर्तीवर खरखरीत पृष्ठभाग तयार होतो. तेथे सकाळी लवकर स्प्रे करावा आणि डबा कधीही उन्हात ठेवू नये.

१०. हार्डवेअरच्या दुकानातील स्प्रे प्रायमर म्हणून चालेल का?

धातू आणि कडक प्लास्टिकवर मॅट राखाडी किंवा काळा स्प्रे हलक्या हाताने चालू शकतो. लवचीक पीव्हीसीवर मात्र असे काही स्प्रे कधीच पूर्ण वाळत नाहीत आणि मूर्ती महिनोन्‌महिने चिकट राहते; तेथे ब्रशचा प्रायमर हाच सुरक्षित उपाय आहे. चमकदार स्प्रे टाळावा. कोणताही नवा डबा आधी चौकटीच्या उरलेल्या तुकड्यावर तपासावा.

११. ‘रंग पातळ करा’ असे सगळे सांगतात. म्हणजे पाणी नक्की किती?

ताकाइतका पातळ, हे माप लक्षात ठेवावे: भांड्याच्या कडेला लावला तर खाली ओघळतो, पण मागे पांढरा पडदा राहतो. ठरावीक थेंब सांगण्यात अर्थ नाही, कारण प्रत्येक बाटलीचा घट्टपणा वेगळा असतो.

करून पाहण्याची पद्धत अशी. पॅलेटवर रंगाचा एक थेंब घ्यावा आणि ओल्या ब्रशने त्याच्या कडेला पाणी मिसळावे. ब्रश भरून घेतल्यावर तो टिश्यू पेपरच्या कडेला एकदा टेकवावा. येथेच बहुतेकांची चूक होते, कारण न टेकवलेल्या ब्रशमधील सगळे पाणी मूर्तीवर पडून खाचांत साचते. मग अंगठ्याच्या नखावर एक रेघ ओढावी. रेघ सलग आली आणि कडेने पसरली नाही, तर रंग तयार आहे. ती तुटक आली तर पाणी कमी आहे, फुटून पसरली तर जास्त. पहिला थर डागाळलेला आणि अर्धपारदर्शक दिसणारच. त्यावर लगेच ब्रश फिरवू नये, अर्धवट वाळलेला रंग ओरबाडला जातो. पूर्ण वाळू द्यावा आणि दुसरा थर द्यावा. या एका सवयीने जेवढी सुधारणा होते तेवढी कोणत्याही महाग साहित्याने होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

१२. सांगलीच्या उन्हाळ्यात रंग पॅलेटवरच वाळून जातो. उपाय काय?

ओला पॅलेट. झाकणाचा पसरट प्लास्टिक डबा घ्यावा, तळाशी भांडी पुसण्याचा पातळ स्पंज बसवून तो पाण्याने पूर्ण भिजवावा आणि वर बटर पेपर सपाट पसरावा. कागदातून ओलावा हळूहळू वर येत राहतो आणि रंग कित्येक तास, झाकण लावल्यास दुसऱ्या दिवसापर्यंतही ओला राहतो. कागदावर मेण असेल तर पाणी वर येत नाही, तेव्हा दुसरा कागद आणावा. स्पंजला वास येऊ लागला की उकळत्या पाण्यातून काढावा. पंखा थेट टेबलावर सोडू नये. चंदेरी-सोनेरी रंग ओल्या पॅलेटवर घेऊ नयेत, त्यांचे चमकते कण पाण्याबरोबर पसरून इतर रंगांत जातात.

१३. रंगवण्याचा क्रम कोणता असावा?

आतून बाहेर: आधी त्वचा, मग अंगावरचे कपडे, मग चिलखत, पट्टे, शस्त्रे आणि शेवटी बेस, म्हणजे मूर्तीच्या पायाखालची चकती. अंगरखा रंगवताना चुकून हाताला लागलेला रंग पुसण्यापेक्षा हात आधी रंगवून अंगरख्याची कड नंतर नेमकी ओढणे सोपे जाते. प्रत्येक भागासाठी मूळ रंग, वॉश आणि उंचवट्यांवर उजळ छटा अशा तीन पायऱ्या पुरतात. ड्रायब्रश आणि इतर अस्ताव्यस्त कामे आधी उरकावीत. सैन्य रंगवायचे असेल तर पाच-सहा मूर्ती एकत्र घेऊन एकेक रंग सर्वांना द्यावा. पण पहिली मूर्ती मात्र एकटीच, शेवटपर्यंत पूर्ण करावी.

१४. वॉश वाळल्यावर कडेने डाग आणि पांढरट वर्तुळे राहतात. असे का?

वॉश हा खाचांत उतरून सावली तयार करणारा पातळ रंग आहे. तो सपाट भागावर साचला की कडेने वाळून वर्तुळ राहते. लावल्यानंतर लगेच कोरड्या, स्वच्छ ब्रशचे टोक साचलेल्या थेंबाला लावावे. ते जादा वॉश शोषून घेते. अर्धवट वाळल्यावर हात लावू नये.

वर्तुळ पांढरट असेल तर पाणी तपासावे. आपल्या भागातील अनेक बोअरचे पाणी क्षारयुक्त आहे आणि तेच क्षार वाळल्यावर दिसतात. रंग पातळ करण्यासाठी फिल्टरचे किंवा शुद्ध केलेले पाणी घ्यावे. ब्रश धुण्यासाठी नळाचे चालते.

१५. एकाच थरात सावलीसह रंगणारे ‘कॉन्ट्रास्ट’ प्रकारचे रंग नवख्याने घ्यावेत का?

सैन्य लवकर टेबलावर आणायचे असेल तर अवश्य. सिटाडेलने २०१९ साली हे रंग आणले आणि नंतर इतर कंपन्यांचेही आले. ते पांढऱ्या किंवा फिकट प्रायमरवरच काम करतात, आणि केस, लोकर, घड्या अशा खडबडीत भागांवर उत्तम दिसतात. सपाट ढालीवर किंवा वाहनावर डागाळतात (प्रश्न १४ मधील उपाय येथेही लागू). यांतील काही रंग वाळल्यावरही पाणी लागले की पुन्हा सुटतात, म्हणून वर दुसरा रंग देण्याआधी एका कोपऱ्यात तपासावे.

१६. बाजारातील त्वचेचे रंग गुलाबी दिसतात. आपल्याकडच्या माणसांची त्वचा कशी रंगवावी?

हा प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण बऱ्याच तयार छटा युरोपीय चेहरा डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. आपली छटा घरीच मिसळावी. दोन भाग बर्न्ट सिएना आणि एक भाग येलो ऑकर हा मातकट पिवळा घेऊन त्यात ब्रशच्या टोकावर मावेल एवढाच अल्ट्रामरीन निळा घालावा. निळ्यामुळे केशरी झाक मरते आणि उन्हात राबलेल्या माणसाचा खरा तपकिरी रंग येतो. उजळ त्वचेसाठी ऑकर वाढवावा, सावळ्यासाठी बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी.

सावलीसाठी बर्न्ट अंबरचा अतिशय पातळ थर भुवयांखाली, नाकाच्या दोन्ही बाजूंना, खालच्या ओठाखाली आणि बोटांच्या मधे द्यावा. उजळ छटेसाठी मूळ मिश्रणात सरळ पांढरा घालू नये. त्वचा राखेसारखी, निर्जीव दिसते. आधी ऑकर आणि मग पांढऱ्याचा किंचित अंश घालावा, आणि तो कपाळ, नाकाचा शेंडा, गालांचे उंचवटे व बोटांची पेरे येथेच ठेवावा. सावळ्या त्वचेवरचा प्रकाश किंचित थंड दिसतो, म्हणून अगदी शेवटच्या बिंदूत निळसर राखाडीचा स्पर्श दिला तर तुकतुकी येते. खालच्या ओठावर मूळ रंगात थोडा लाल मिसळून एकच पातळ फटकारा पुरतो. संपूर्ण तुकडीला एकच छटा न देता दोन-तीन मिश्रणे करावीत. आपल्या आठवडी बाजारात उभे राहून पाहिले तरी किती छटा एकत्र नांदतात ते कळते.

१७. डोळे रंगवताना मूर्ती घाबरलेली दिसते.

शुद्ध पांढरा वापरल्यामुळे आणि बुबुळ मधोमध ठिपक्याने काढल्यामुळे तसे होते. चेहऱ्याच्या इतर रंगांआधी डोळे करावेत: प्रथम खोबणीत गडद तपकिरी, त्यावर मळकट पांढऱ्याची आडवी रेघ, आणि मग वरपासून खालपर्यंत जाणारी उभी गडद रेघ म्हणजे बुबुळ. ते पापणीला वर आणि खाली टेकले पाहिजे. नंतर त्वचेच्या रंगाने कडा आत घ्याव्यात. १/७२ प्रमाणात डोळे काढूच नयेत, भुवईखालची सावली पुरेशी असते.

१८. मराठा सैनिक रंगवायचे आहेत. गणवेशाचा खरा रंग कोणता?

सतराव्या शतकातील मावळ्यांना आजच्या अर्थाने एकसारखा गणवेश नव्हता. शिलेदार स्वतःचा घोडा आणि शस्त्रे घेऊन येत, बारगिरांना ती सरकारातून मिळत. त्यामुळे तुकडीत विविधता दाखवणे हेच अधिक योग्य. कपड्यांचा आधार न धुवटलेल्या सुताचा मळकट पांढरा ठेवावा आणि पागोटे, शेला, कंबरपट्टा यांत रंग आणावा. कृत्रिम रंग १८५६ नंतरचे आहेत, म्हणून त्याआधीच्या सैनिकांना नीळ, मंजिष्ठेचा विटकरी लाल, हळदीचा पिवळा अशा वनस्पतिजन्य छटा शोभतात. चकचकीत केशरी किंवा जर्द गुलाबी सर्वांना देऊ नये.

शस्त्रांसाठी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात जाऊन जुने पोलाद प्रत्यक्ष पाहावे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ साली येथेच प्रथम प्रदर्शित झाली, तेव्हा अनेकांचे लक्ष जुन्या शस्त्रांकडे नव्याने गेले. जुने पाते आरशासारखे चंदेरी नसते. ते करडे, तपकिरी झाकेचे असते आणि फक्त धारेवर उजळते. चंदेरीत थोडा काळा मिसळून मूळ थर, तपकिरी वॉश आणि धारेवर शुद्ध चंदेरीची एक रेघ, एवढ्याने तो परिणाम साधतो.

१९. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे याच पद्धतीने रंगवता येतील का?

येतील, आणि लहानपणी किल्ला केलेल्या प्रत्येकाने सरावाला तेथूनच सुरुवात करावी असे मी सुचवतो. आकार मोठा असल्याने चेहरा आणि पागोट्याच्या घड्या शिकायला सोपे जाते. मात्र माध्यम वेगळे आहे. कच्च्या मातीचा मावळा पाण्याने मऊ होतो, म्हणून त्याला आधी स्प्रे प्रायमरचे हलके थर द्यावेत आणि त्यानंतरच पाण्यातले रंग लावावेत. प्लास्टरचा मावळा पाणी शोषतो आणि पहिला थर पिऊन टाकतो. त्याला गेसोचा किंवा पातळ केलेल्या अ‍ॅक्रिलिकचा एक थर आधी द्यावा. भाजलेल्या मातीलाही तेच.

किल्ल्यावर अळीव किंवा मोहरी पेरून रोज पाणी शिंपडतात, तो ओलावा मावळ्याच्या तळातून वर चढतो आणि पायाकडचा रंग फुगतो. म्हणून तळालाही प्रायमर आणि वार्निश (प्रश्न २१) द्यावे. दरवर्षी बाजारातून रंगवून आलेले मावळे आणण्याऐवजी ते घरी रंगवले, तर पुढील वर्षीही वापरता येतात.

२०. बेस सजवण्यासाठी आपल्याकडे काय मिळते?

जवळजवळ सर्व. नदीची वाळू चहाच्या गाळणीतून चाळावी. बारीक भाग जमीन आणि जाड भाग दगड म्हणून वापरावा. तो धुऊन उन्हात पूर्ण वाळवावा, नाही तर बुरशी येते. फेव्हिकॉलमध्ये थोडे पाणी मिसळून बेसवर लावावे, वाळूत बुडवावे आणि वाळल्यावर वरून पातळ फेव्हिकॉलचा आणखी एक हात द्यावा. वाळूचा नैसर्गिक रंग तसाच ठेवू नये: कृष्णाकाठच्या काळ्या रानासाठी गडद तपकिरीवर राखाडी ड्रायब्रश, पाचगणी-महाबळेश्वरच्या जांभ्यासाठी विटकरीवर ऑकर. ड्रायब्रश म्हणजे जुन्या ब्रशवरचा रंग कागदावर जवळजवळ पूर्ण पुसून, उरलेला उंचवट्यांवरून हलकेच घासणे. नारळाच्या काथ्याचे छोटे झुपके उभे चिकटवले की वाळलेले गवत होते, आणि लाकडाचा बारीक भुसा हिरव्या रंगात कालवून वाळवला की हिरवळ होते.

२१. वार्निश आवश्यक आहे का, आणि कोणते?

खेळात हाताळायच्या मूर्तींना आवश्यक आहे. बोटांनी धरलेले टोक, भाल्याची कड आणि बेसची किनार येथला रंग आधी उडतो. चमकदार वार्निश अधिक टणक असते आणि मॅट अधिक चांगले दिसते, म्हणून आधी चमकदार आणि त्यावर मॅट असे दोन्ही थर देण्याची पद्धत आहे. स्प्रे वार्निशला हवामानाचे नियम प्रश्न ९ प्रमाणेच लागू होतात, किंबहुना अधिक काटेकोरपणे, कारण येथे पूर्ण झालेले काम धुरकट होते. पावसाळ्यात ब्रशने लावायचे वार्निश वापरावे.

२२. मूर्ती बिघडली. सर्व रंग काढून पुन्हा सुरू करता येईल का?

धातूच्या मूर्तीवर आणि कडक पॉलिस्टायरीनवर अ‍ॅक्रिलिक रंग असेल, तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही वेळ बुडवून जुन्या टूथब्रशने रंग निघतो. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी आणि जवळ गॅस, उदबत्ती, निरांजन काहीही पेटते नसावे. रेझिन त्यात मऊ पडू शकते. आधी न दिसणाऱ्या भागावर तपासावे. हार्डवेअरच्या दुकानातील थिनर आणि नखांच्या रंगाचे अ‍ॅसिटोनयुक्त रिमूव्हर प्लास्टिकवर कधीही वापरू नये, मूर्तीच वितळते. चूक छोटी असेल तर रंग काढण्याची गरज नाही, वरून पातळ थर द्यावा.

२३. थ्रीडी प्रिंटरवर छापलेली मूर्ती घेतली तर काही वेगळे करावे लागते का?

रेझिनवर छापलेली मूर्ती पूर्ण धुतलेली आणि अतिनील प्रकाशात पक्की झालेली असावी. हाताला चिकट लागली तर ती कच्ची आहे. कच्चे रेझिन त्वचेला त्रास देते, म्हणून हातमोजे घालून ती परत करावी किंवा पुन्हा धुवून पक्की करावी. आधारकाड्यांच्या खुणा ओल्या पॉलिश पेपरने घासाव्यात, कोरडी पूड श्वासात जाऊ देऊ नये. प्लास्टिकची तार वितळवून छापलेल्या मूर्तीवर थरांच्या रेषा असतात आणि ड्रायब्रश त्या उठून दाखवतो. तेथे जाड प्रायमर आणि वॉश बरे.

२४. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला हे करू द्यावे का?

पाण्यातले अ‍ॅक्रिलिक रंग, मोठी मूर्ती आणि ब्रशचा प्रायमर असेल तर आनंदाने करू द्यावे. कटर, फेविक्विक, स्प्रे आणि अल्कोहोल ही कामे मोठ्यांनी करावीत. ब्रशचे टोक ओठांनी जुळवण्याची सवय तिला लागू देऊ नये, आणि तुम्हीही ती लावून घेऊ नये; काही रंगद्रव्ये पोटात जाण्यास योग्य नसतात. जुन्या धातूच्या मूर्तींत शिसे असू शकते, त्या मुलांच्या हाती देऊ नयेत. रंगाचे पाणी आणि पिण्याचे पाणी एकाच आकाराच्या पेल्यांत ठेवू नये.

२५. रंगवलेल्या मूर्ती कशा ठेवाव्यात आणि पुण्या-मुंबईला खेळायला कशा न्याव्यात?

बेसखाली छोटे चुंबक चिकटवून बिस्किटांच्या लोखंडी डब्यात उभ्या करणे हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे. एसटीच्या धक्क्यांतही त्या एकमेकींवर आदळत नाहीत. डबा लोखंडी आहे ना, हे विकत घेताना चुंबक लावून पाहावे, कारण अ‍ॅल्युमिनियमला तो चिकटत नाही. फोममध्ये ठेवायच्या असतील तर वार्निश पूर्ण वाळल्यावर, एक-दोन दिवसांनी ठेवाव्यात.

उन्हात उभ्या केलेल्या गाडीत पीव्हीसी आणि रेझिनच्या तलवारी, भाले वाकतात. ते तोडून सरळ करू नयेत: वाकलेला भाग गरम पाण्यात काही सेकंद धरावा, मऊ झाल्यावर हळूच सरळ करावा आणि लगेच थंड पाण्यात बुडवावा. सांगलीत ज्यांचे घर २०१९ च्या महापुरात पाण्याखाली गेले होते, त्यांनी डबे तळमजल्यावरच्या कपाटात न ठेवता पहिल्या मजल्यावर किंवा माळ्यावर ठेवावेत. मात्र माळ्यावर पत्रा असेल तर उन्हाळ्यात ते खाली आणावेत.